बिनकागदी

"कुणाचं नाही ना हे नाव? नक्की?" यशोधननं तिसऱ्यांदा विचारलं.

"कुणाचं नाही," मी म्हटलं.

गोष्ट दोन हजार अकराची, सांगलीतली. मी तेव्हा गणपती पेठेच्या मागे एका प्रेसमध्ये डीटीपीचं काम करत होते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, नाटकांची हँडबिलं, सगळं माझ्या हाताखालून जायचं. त्या दुपारी माझ्या टेबलापुढे तिघं उभी होती: यशोधन घारे, मुग्धा आणि इरफान. ही तिघं उत्स्फूर्त विनोदाचे प्रयोग करायची. म्हणजे संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी एखादं ठिकाण सांगायचं, एखादं नातं सांगायचं, आणि त्यावर तिथल्या तिथं प्रवेश उभा करायचा. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत आम्ही चौघं होतो. चौथी मी.

पुण्याच्या एका संस्थेनं अशा संघांची स्पर्धा ठेवली होती आणि आमच्या भागाची फेरी सांगलीतच होणार होती. प्रवेशअर्जात एक अट होती. संघाचं नाव दुसऱ्या कुठल्याही संघाचं किंवा मंडळाचं नसावं, आणि त्याची जबाबदारी संघप्रमुखानं सही करून घ्यायची. नाव दुसऱ्याचं निघालं तर संघ बाद. यांचं पहिलं नाव ‘हास्यकल्लोळ’, ते परत आलं. त्या नावाचे तीन संघ आधीच होते. मग ‘टवाळ मंडळी’ पाठवलं, तेही परत आलं. आता त्याच संध्याकाळी अर्जाची मुदत संपत होती.

यशोधनच्या वहीत चाळीसेक नावं लिहिलेली होती आणि बहुतेक खोडलेली होती. ‘खुसखुस’ हे फरसाणच्या दुकानासारखं वाटत होतं. ‘पोट धरून’ वाचून इरफान म्हणाला की लोक औषधाची जाहिरात समजतील. मुग्धाला ‘ऐनवेळी’ आवडलं होतं, पण त्या नावाचं एक नाटक तिच्या मामांनी कॉलेजात असताना केलं होतं म्हणे. शेवटी यशोधन वही मिटून माझ्याकडे वळला. आमच्यात काही घडलंच नाही अशा सहजपणे म्हणाला, "शैलजा, जिल्ह्यात कुणाचं काय नाव आहे ते तुला पाठ असतं. तूच सुचव की. कुणाकडेच नसेल असं."

मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "बिनकागदी."

त्यानं तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. त्याचे डोळे चमकले. कागद नाही, संहिता नाही, सगळं तोंडातून येणारं. असं नाव आपल्याला दोन वर्षांत का सुचलं नाही, असं म्हणत त्यानं माझ्याच टेबलावर अर्ज भरला, माझ्याच पेननं सही केली. मी लगेच हँडबिल लावायला घेतलं. ‘बिनकागदी’ ठळक अक्षरांत, खाली तिघांची नावं, आणि सर्वांत खाली, नेहमीप्रमाणे, आमच्या प्रेसचं नाव आणि पत्ता.

ती गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. आमचे मालक छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत फायलीत चिकटवून ठेवत. त्यांच्या वडिलांपासूनची ही शिस्त. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फायलीत एक गुलाबी हँडबिल होतं: ‘नांद्रेकर बाबालाल नदाफ यांचे बिनकागदी बतावणीवाले’. मी ते पूर्वी कितीदा तरी पाहिलं होतं. अलगद सोडवलं आणि पर्समध्ये ठेवलं.

आता हे सगळं मी का केलं ते सांगते.

आमच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा यशोधननं एक खेळ काढला होता. दोघादोघांनी बसायचं आणि आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट एकमेकांना सांगायची. त्याचं म्हणणं असं, की स्टेजवर समोरचा आपल्याला पडू देणार नाही हा विश्वास असल्याशिवाय हा विनोद जमत नाही. शाळेच्या रिकाम्या वर्गात, बाकावर समोरासमोर बसून, मी त्याला माझ्या बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट सांगितली.

माझ्या ओठाच्या डाव्या कडेला कोडाचा एक डाग आहे. तेव्हा तो नुकताच दिसू लागला होता. इचलकरंजीहून मंडळी बघायला आली होती. मुलाच्या मावशीनं वाकून माझ्या ओठाकडे बघितलं आणि विचारलं, हे काय आहे. मी काही बोलायच्या आत अप्पा, माझे वडील, हसत हसत पुढे आले. पावडर लागलीय हो, म्हणाले. खिशातला रुमाल काढून पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर माझा ओठ पुसायला लागले. पुसत राहिले. निघेल, निघेल, म्हणत राहिले. मंडळी उठून गेली तरी त्यांचा हात थांबला नव्हता.

हे मी यशोधनला सांगितलं. त्यानं माझा हात धरला होता. नंतर त्यानं त्याची गोष्ट मला सांगितली. ती पुढे येईल.

दीड वर्षानंतर मिरजेतल्या एका प्रयोगाला मी अप्पांना घेऊन गेले. अप्पा त्याच प्रेसमध्ये तीस वर्षं छपाईचे खिळे जुळवायचे. निवृत्त झाल्यापासून घरातच असत. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं आणि मी विंगेत गेले. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "बघण्याचा कार्यक्रम." यशोधन पुढे झाला. मुग्धाला मुलगी केलं, स्वतः बाप झाला, खिशातून रुमाल काढला आणि तिचा ओठ पुसायला लागला. निघेल, निघेल. तो रुमालावर थुंकला, पायानं मुलीला दाबून धरून पुसलं, शेवटी इरफानच्या हातातून काल्पनिक सँडपेपर घेतला. नाट्यगृह हसून हसून वेडं झालं. अप्पा हसत नव्हते. शेजारची माणसं मांडीवर थापा मारत होती आणि ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसले होते.

नंतर मी यशोधनला जाब विचारला. तो गोंधळला नाही. तुझं नाव कुठं घेतलं, म्हणाला. लोक हसले म्हणजे ती गोष्ट सगळ्यांची झाली. पुढच्या आठवड्यात त्यानं मुग्धाकडून निरोप पाठवला की तुला आता स्टेजवर मोकळं वाटणार नाही, तेव्हा काही दिवस थांब. अप्पांनी त्यानंतर खिशात रुमाल ठेवणं सोडलं. उन्हाळ्यात बाहीनं घाम पुसायचे. मी ते आठ महिने रोज बघत होते.

नांद्र्याला बाबालालचाचांचं घर सापडायला वेळ लागला नाही. वय सत्तरीच्या पुढे, अंगानं काटक. ओट्यावर गादीला टाके घालत बसले होते. मी त्यांना गुलाबी हँडबिल दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद बघून ओळखला. त्यांच्या बतावणीत कुणालाच वाचता यायचं नाही, त्यांनी सांगितलं. दुसऱ्या फडांतले लोक चेष्टेनं ‘बिनकागदी’ म्हणायचे. तेव्हा यांनी तेच नाव छापून घेतलं. तमाशात गणगौळण झाली की दोघं जण पुढे येऊन तोंडाला येईल ते बोलायचे, आणि माणसं हसून जमिनीवर लोळायची.

मी सांगितलं की शहरातल्या शिकल्यासवरल्या पोरांनी तुमचं नाव चोरलंय. त्यावर बक्षीस मिळवणार आहेत. ते टाके घालत राहिले. नावाचं काय एवढं, म्हणाले, वीस वर्षांत कुणी हाक मारली नाही त्या नावानं. मी गप्प बसले नाही. म्हटलं, तुमच्या जोडीदारांची नावं कुणाला आठवत नाहीत, आता मंडळाचंही राहणार नाही. पुढे लोक म्हणतील, बिनकागदी म्हणजे घारे. हे मात्र त्यांना लागलं. सुई गादीत तशीच खोचून ठेवून त्यांनी विचारलं, "हसत्यात का लोकं त्यांच्यावर?"

"हसतात," मी म्हटलं.

"मग येतो."

काय करायचं ते मी नीट समजावलं. प्रयोग सुरू झाला की यशोधन पुढे येऊन शब्द मागेल. तेव्हा उठायचं, परीक्षकांना हँडबिल दाखवायचं आणि सांगायचं की हे नाव माझं आहे. बाकीचं काम अर्जावरची सही करेल.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. नाट्यगृह भरलं होतं. अप्पा यायला तयार नव्हते. मी अक्षरशः हाताला धरून आणलं. आज काहीतरी बघण्यासारखं आहे, एवढंच सांगितलं. चाचा स्वच्छ पांढरा सदरा आणि टोपी घालून माझ्या पलीकडे बसले होते. परीक्षक पहिल्या रांगेत होते.

यशोधन पुढे आला आणि म्हणाला, "आम्ही बिनकागदी. आमच्याकडे काही लिहिलेलं नाही, जे द्याल ते तुमचं." चाचा उठले. गुलाबी कागद वर धरून खणखणीत आवाजात म्हणाले, "नाव आमचं हाय."

लोक हसले. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग. यशोधनलाही नेमकं कळलं नसावं, पण या खेळाचा पहिला नियमच असा की समोरच्यानं दिलेलं नाकारायचं नाही. हो म्हणायचं आणि पुढे न्यायचं. "हो मालक, आणि आम्ही ते न विचारता नेलं," तो म्हणाला, "या, वर या."

चाचा वर गेले. परीक्षकांकडे वळतील म्हणून मी वाट बघत होते. पण दिव्याच्या उजेडात पाऊल पडलं आणि म्हातारा बदलला. कागद त्यांनी घडी करून टोपीत खोचला. यशोधनभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "नाव पायजे व्हय? नाव पोरीगत असतंय. कुणाच्या बी घरात देता येत न्हाई. आधी जावई बघू द्या."

त्यानंतरच्या दहा मिनिटांसारखं मी पुन्हा काही पाहिलेलं नाही. चाचांनी यशोधनला चालून दाखवायला लावलं, दात मोजले, स्वयंपाक येतो का विचारलं, चहाचा कप धरायला शिकवलं. यशोधन प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता आणि त्यात आपली भर घालत होता. दोघांचं असं काही जुळलं की मुग्धा आणि इरफान बाजूला उभं राहून नुसते बघत राहिले. परीक्षक खुर्चीच्या कडेवर आले होते. हे बाद होणार नव्हते. हे जिंकणार होते, आणि माझ्यामुळे जिंकणार होते.

शेजारून एक आवाज आला. मी वळून बघितलं. अप्पा हसत होते. आठ महिन्यांनी हसत होते. बाहीनं डोळे पुसत होते आणि हसत होते, यशोधन घारेच्या विनोदाला.

त्याच वेळी चाचांनी, बघायला आलेला कुणीही विचारेल तसं, विचारलं, "आईसाहेब कुठं असत्यात?"

यशोधन कधी अडखळायचा नाही. तो अडखळला. फार तर दोन सेकंद. मी उभी राहिले.

"कोल्हापूरला," मी ओरडले. "दुसऱ्याच्या घरी. हा नऊ वर्षांचा होता तेव्हा सोडून गेली. ती मेली म्हणून सांगतो सगळ्यांना."

त्या दुपारचा सर्वांत मोठा हशा त्या वाक्याला आला. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. पुढे बसलेल्यांचं हसू आधी थांबलं, कारण त्यांना त्याचा चेहरा दिसत होता. मग ती शांतता एकेक रांग मागे सरकत गेली. मुग्धानं तोंडावर हात ठेवला होता. तिलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज भेटणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. यशोधननं उजेडातून डोळे बारीक करून मला शोधलं आणि त्याला मी सापडले.

"हो," तो म्हणाला. खेळाचा नियमच तसा होता. "हो, आणि..."

पुढचं त्याला आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "आणि..." मग वळला आणि विंगेत निघून गेला. इरफाननं पडदा पाडायला सांगितलं.

चाचा खाली आले तेव्हा मी त्यांना धरायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. "पोरी, हे मला सांगितलं नव्हतंस," एवढं म्हणून ते दाराकडे चालू लागले. रिक्षात अप्पांनी विचारलं, खरं होतं का ते. मी हो म्हटलं. तुला कसं ठाऊक, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की त्यानंच विश्वासानं सांगितलं होतं. अप्पांनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि ते उतरून घरापर्यंत पायी आले. मी मात्र त्या रात्री आठ महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपले. हे लपवण्यात अर्थ नाही.

यशोधन पुन्हा स्टेजवर आला नाही. महिन्याभरात तो बडोद्याला नोकरीला गेला. संघ मोडला आणि ते नाव पुन्हा कुणाचंच राहिलं नाही.

त्या रविवारनंतर चौथ्या दिवशी प्रेसमध्ये एक बाई आल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यांच्याकडे मी छापलेलं हँडबिल होतं. खालचा पत्ता वाचून आल्या होत्या. शैलजा आरवाडे तुम्हीच का, विचारलं. नाट्यगृहातल्या माणसानं नाव सांगितलं, तुम्ही याच प्रेसमध्ये असता हेही, म्हणाल्या. मी खुर्ची दिली.

"मी यशोधनची आई," त्या म्हणाल्या.

हँडबिल कोल्हापुरात पेपरमधून आलं होतं. त्यावर मुलाचं नाव छापलेलं बघून त्यांना राहवलं नाही. घरी काही न सांगता बसनं आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. सतरा वर्षांनी त्याला बघत होत्या. किती छान करत होता, म्हणाल्या. मग मी उभी राहिले.

मला वाटलं, आता या मला बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"त्यानं सांगितलं होतं तुम्हाला? म्हणजे मी आहे, जिवंत आहे, असं? स्वतःहून सांगितलं?"

"हो."

त्यांचा चेहरा उजळला. तिकडे मी मेलेली आहे हे मला पूर्वीच कळलं होतं, म्हणाल्या. पण एका तरी माणसाला त्यानं खरं सांगितलं. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत त्यांनी विचारलं, "आणखी काय म्हणाला? तो कधी आला होता का हो, कोल्हापूरला?"

शाळेच्या त्या रिकाम्या वर्गात यशोधननं मला जे सांगितलं होतं ते मला शब्द न् शब्द पाठ होतं. कॉलेजात असताना त्यानं आईचा पत्ता शोधून काढला होता. ती घराच्या पुढच्या खोलीत मसाले विकायची. तो दर रविवारी बसनं जायचा, समोरच्या पानपट्टीपाशी तासभर उभा राहायचा आणि परत यायचा. एकदा धीर करून दुकानात गेला आणि पाव किलो कांदा-लसूण मसाला मागितला. तिनं पुडी बांधून दिली. "तिखट आहे हं, चालेल ना?" असं विचारलं. तिनं ओळखलं नाही. ती पुडी त्यानं कधी उघडली नाही. त्याच्या कपाटात, कपड्यांखाली होती. आई म्हणून हाक मारायची ठरवून गेलो होतो, तो म्हणाला होता, पण तिनं आधी ओळखावं असं वाटत होतं.

"नाही," मी म्हटलं. "तसं काही बोलला नव्हता."

त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या की एकदा, पाच-सहा वर्षं झाली असतील, दुकानात एक उंच मुलगा आला होता. पुडी घेतली तरी जाईना. नुसता उभा होता. तो गेल्यावर मी दुकान तसंच टाकून दारापर्यंत गेले, का ते कळेना. तेव्हापासून मनात येतं की तो असेल का.

त्यांनी वर बघितलं. त्यांचे डोळे हुबेहूब यशोधनसारखे होते.

"दुसरा कुणीतरी असेल," मी म्हटलं.

त्यांना नीट ऐकू गेलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. दुसरा कुणीतरी असेल.